थार रॉक्स : शौकिनांचे मत आणि व्यापाऱ्याचा हिशेब

३ ऑक्टोबर २०२४ रोजी महिंद्र कंपनीने ‘थार रॉक्स’ या पाच दरवाजांच्या गाडीची नोंदणी उघडली आणि पहिल्या एका तासात १ लाख ७६ हजार २१८ गिऱ्हाइकांनी आपली नावे नोंदवली. आम्ही कापडाच्या धंद्यातले. ऐन सणाच्या दिवसांत काउंटरवर उडणारी झुंबड आम्ही पाहिलेली आहे, पण बारा-पंधरा लाखांचा माल असा हातोहात उचलला जाताना आमच्या पाहण्यात नव्हता. तेव्हापासून बाजारात, लग्नाकार्यात, पेढीवर जो तो याच गाडीचे बोलतो. व्यापाऱ्यांची मुले हट्ट धरून बसतात आणि वडील मंडळी आम्हांला विचारतात की ‘साहेब, एवढी तारीफ होते आहे, तर घ्यावी का?’

आम्ही गाड्यांचे जाणकार नाही. पण तारीफ करणारे कोण, त्यांना नेमके काय आवडले, काय खटकले आणि त्यातले आपल्या उपयोगाचे किती, हे तपासण्याची सवय माल पारखणाऱ्या माणसाला असतेच. त्या नजरेने या विषयाकडे पाहू.

आधी या गाडीचे घराणे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेसाठी विलिज कंपनीने जीप बनवली. आपल्याकडे तिची जुळणी करणारी कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात पोलादाच्या व्यापारासाठी निघाली होती आणि तिचे नाव होते ‘महिंद्र अँड मोहम्मद’. के. सी. महिंद्र आणि जे. सी. महिंद्र या भावांचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानला गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. ‘एम अँड एम’ असे छापलेले कागद अगोदरच तयार होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून हे नाव निवडले, असे सांगतात. खरे असेल तर तो निर्णय अस्सल व्यापाऱ्याचाच म्हटला पाहिजे.

त्या जीपने महाराष्ट्रात काय काय केले ते आमच्या वयाच्या लोकांना सांगायला नको. सरकारी साहेबांचे दौरे, पाटबंधाऱ्याची कामे, बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांत धावणारी काळी-पिवळी, पश्चिम महाराष्ट्रात जिला ‘वडाप’ म्हणतात ती. कपड्याचे गठ्ठे टपावर आणि माणसे पायरीवर, अशी ती कामाची गाडी होती. पहिली ‘थार’ २०१० मध्ये आली तेव्हा पारडे शौकाकडे झुकले होते. २ ऑक्टोबर २०२० रोजी दुसरी, सर्वस्वी नवी थार बाजारात आली. ती नाशिकच्या कारखान्यात बनते. तिच्या पहिल्या गाडीचा लिलाव झाला, बोली १ कोटी ११ लाखांवर गेली आणि ती रक्कम मदतकार्याला देण्यात आली. मूळ किंमत दहा-बारा लाखांची असलेल्या वस्तूला कोणी कोटीवर मोजतो, तेव्हा ती वस्तू कामाची राहिलेली नसून मानाची झालेली असते.

आता शौकीन मंडळी म्हणजे कोण? रविवारी डोंगरात, नदीच्या पात्रात, चिखलात मुद्दाम गाडी घालून ती बाहेर काढण्यात ज्यांना आनंद वाटतो ते. वेडेपणा वाटेल, पण कबुतरबाजीत किंवा पतंगाच्या मांज्यात जेवढे बारकावे असतात तेवढेच यातही आहेत. ही माणसे स्वतः गाडीखाली शिरतात, नट-बोल्ट ओळखतात. इगतपुरीजवळ कंपनीने अशा चालकांना शिकवण्यासाठी खास मैदानच काढले होते. त्यांचे शब्द समजल्याशिवाय त्यांचे मत समजणार नाही, म्हणून तीन-चार गोष्टी उलगडून सांगतो.

पहिली, ‘फोर बाय फोर’. साध्या गाडीत इंजिनची ताकद दोनच चाकांना मिळते. फोर बाय फोरमध्ये हवी तेव्हा चारी चाकांना देता येते. सोबत ‘लो’ नावाचा जादा गिअर असतो. तो टाकला की गाडी मुंगीच्या चालीने जाते, पण ओढ कित्येक पटीने वाढते. गठ्ठा हाताने ओढणे आणि कप्पीने ओढणे यात जो फरक, तोच इथे.

दुसरी, डिफरन्शियलचे लॉक. वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला सारखे अंतर जावे लागत नाही, म्हणून एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल असते. त्याची खोड अशी की एक चाक हवेत लोंबकळले किंवा चिखलात घसरले की ते नुसतेच गरगर फिरते आणि घट्ट जमिनीवर असलेले चाक ढिम्म हलत नाही. लॉक लावले की दोन्ही चाके एकत्र बांधली जातात. स्वस्तातला उपाय म्हणजे फिरणाऱ्या चाकाला गाडीने आपोआप ब्रेक लावायचा, म्हणजे ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. शौकीन याला दुय्यम माल समजतात. रॉक्सच्या फोर बाय फोर गाडीत मागच्या एक्सलला विजेवर चालणारे खरे लॉक दिले आहे, त्यावर ही मंडळी खूश आहेत. पण पुण्याच्या फोर्स कंपनीच्या ‘गुरखा’ गाडीत पुढे-मागे दोन्ही एक्सलना हाताने लावायची लॉक आहेत, हे सांगायलाही ते विसरत नाहीत. २०२५ मध्ये भारतीय लष्कराने या गुरखाच्या २,९७८ गाड्यांची मागणी नोंदवली.

तिसरी, कोन. गाडीचा पुढचा भाग चढाला न घासता किती उभ्या चढावर लागू शकतो, मागचा भाग उतरताना टेकतो का आणि पोट उंचवट्यावर अडकते का, असे हे तीन हिशेब. जुन्या तीन दरवाजांच्या थारमध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २,४५० मिलिमीटर होते. रॉक्समध्ये ते २,८५० झाले, म्हणजे ४०० मिलिमीटरनी वाढले. साहजिकच पोटाचा कोन दोन ते तीन अंशांनी कमी झाला. गाडीची लांबीही ३,९८५ वरून ४,४२८ मिलिमीटरवर गेली. पाणी मात्र दोन्हीत ६५० मिलिमीटरपर्यंत चालते असे कंपनी सांगते, म्हणजे ढोबळ मानाने गुडघ्याच्या वर.

इथेच शौकिनांत दोन तट पडलेले आहेत. एक म्हणतो, लांबी वाढवून कंपनीने गाडीचा आत्मा घालवला. डोंगरवाटेवर तोकडी गाडीच खरी. दुसरा म्हणतो, जुन्या थारमध्ये मागे बसायचे तर पुढची सीट दुमडून कसरत करावी लागायची, आईवडिलांना कुठे न्यायचे झाले की शेजाऱ्याची गाडी मागावी लागायची. आता पाच माणसे सुखाने बसतात. आमच्या मते दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघे दोन निराळ्या गाड्यांबद्दल बोलतात. पहिल्याला खेळणे हवे, दुसऱ्याला कुटुंबाची गाडी हवी आणि तिच्यावर खेळण्याचा दिमाख हवा. एका तासात पावणेदोन लाख नावे लागली ती बहुतेक दुसऱ्या जातीच्या गिऱ्हाइकांची असणार. याचा पुरावा गाडीतच आहे. रॉक्सच्या पेट्रोल इंजिनाला फोर बाय फोर मिळतच नाही, ते फक्त डिझेलला मिळते. सुरुवातीच्या किमतीत साधी रॉक्स १२ लाख ९९ हजारांपासून होती आणि फोर बाय फोर १८ लाख ७९ हजारांपासून. ज्या गुणासाठी या गाडीचे नाव झाले, तो गुण हवा असेल तर पावणेसहा लाख जास्त मोजा, असा हा मामला. दोन गाड्यांत आणखीही सोयींचा फरक होता हे खरे, पण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही थारच दिसतात.

शौकिनांचे मत एका बाबतीत धोक्याचे कसे ठरते ते मारुतीच्या ‘जिम्नी’ने दाखवले. व्यापाऱ्याने हे उदाहरण नीट ऐकावे. २०२० च्या वाहन प्रदर्शनात तिची तीन दरवाजांची गाडी मांडली गेली आणि देशभरच्या शौकिनांनी ‘ही इथे विका’ असा धोशा लावला. जून २०२३ मध्ये पाच दरवाजांची जिम्नी १२ लाख ७४ हजारांपासून विक्रीला आली. छोटी, हलकी, पुढे-मागे अखंड एक्सल, प्रत्येक गाडीत फोर बाय फोर आणि लो गिअर. जाणकारांनी तोंडभरून वाखाणली. आणि विक्री? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खास आवृत्ती काढून किंमत १० लाख ७४ हजारांवर आणावी लागली. जे ओरडत होते त्यांची संख्या थोडी होती आणि त्यांतल्या बऱ्याच जणांकडे अगोदरच जुनी जीप होती. मात्र हीच भारतात बनलेली गाडी जानेवारी २०२५ मध्ये जपानात ‘नोमॅड’ नावाने गेली, तेव्हा चार दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. माल तोच, बाजार वेगळा. कापडाच्या धंद्यात हे आम्ही रोज पाहतो. एखादे डिझाइन दुकानात सगळे हातात घेऊन वाखाणतात आणि पुन्हा घडी करून ठेवतात. वाखाणणारा आणि खरेदी करणारा यांत फरक करता आला नाही तर गल्ला कसा भरणार?

खोट काढण्यात शौकीन कमी नाहीत आणि त्यांच्या तक्रारी त्यांच्या तारीफेपेक्षा जास्त कामाच्या आहेत, असे आमचे मत. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी हेलकावते. ही गाडी ट्रकसारखी वेगळ्या चॅसिसवर बॉडी ठेवून केलेली आहे, त्यामुळे मजबुती येते तशी ही खोडही येते. मागचा दरवाजा बाजूला उघडतो, त्यावर जादा चाकाचे वजन असते, गल्लीत भिंतीला टेकवून उभी केली तर तो उघडता येत नाही. चढ-उतार उंच आहे, सलवार किंवा साडी नेसलेल्या बायकांना आणि गुडघे धरलेल्या बुजुर्गांना त्रास होतो.

डिझेलवाल्यांसाठी एक तक्रार विशेष महत्त्वाची. आजकालच्या सर्वच बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून साफ व्हायला गाडी काही वेळ मोकळ्या रस्त्यावर गरम चालावी लागते. रोज घर ते दुकान दोन किलोमीटर, एवढेच चालवाल तर जाळी तुंबते आणि खर्च पडतो. आपल्यातले निम्मे व्यापारी असेच चालवतात.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र बोट ठेवायला जागा कमी. तीन दरवाजांच्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे मिळाले होते, रॉक्सला नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत एनकॅपकडून पाच मिळाले.

एक तक्रार तर थेट आमच्या धंद्यातली. रॉक्सच्या वरच्या दर्जाच्या गाड्यांत सीटचा रंग हस्तिदंती पांढरा दिला गेला. चिखलात घालायची गाडी आणि आत पांढरा साज! शौकिनांनी एवढी ओरड केली की फोर बाय फोर गाडीसाठी कंपनीला कॉफीसारख्या तपकिरी रंगाचा पर्याय द्यावा लागला. हजारो इंजिनियरांच्या कंपनीला जे दिसले नाही ते कुठल्याही कापड दुकानातल्या पोऱ्याने सांगितले असते. फिकट रेक्झिनवर निळ्या जीन्सचा रंग उतरतो, पानाचा आणि हळदीचा डाग जात नाही.

यातूनच कारागीर बंधूंच्या कामाचा विषय निघतो. जीप म्हटली की तिच्या भोवती किती हात जगतात! सीट कव्हर शिवणारे, कॅनव्हासचे हूड करणारे, लोखंडी गार्ड आणि पायरी वेल्ड करणारे, रंगारी, टायरवाले. हरयाणातल्या मंडी डबवालीला उघड्या जीप बनवण्याचा मोठा व्यवसायच उभा राहिला आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड गाड्यांच्या साजासाठी प्रसिद्ध आहे. नव्या गाड्या जितक्या विकल्या जातात तितके काम वाढते, पण कायदाही ध्यानात घेतला पाहिजे, नाहीतर मेहनत करून गुन्हा पदरात पडायचा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत फरक करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याचे राज्यांना कळवले. कारण असे की गार्ड असले तर धडकेचा झटका जिथे मोजायचा तिथे तो नीट पोहोचत नाही आणि एअरबॅग वेळेवर उघडेलच याची खात्री राहत नाही. शिवाय पायी चालणाऱ्याला मार जास्त लागतो. मोठे टायर हा शौकिनांचा दुसरा लाडका प्रकार. त्याने क्लच आणि एक्सलवर ताण येतो, वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला कारण मिळते. रंग बदलायचा तर नोंदणीच्या कागदावर तशी नोंद करून घ्यावी लागते. तेव्हा गिऱ्हाईक ‘लावून द्या, पुढचे मी बघतो’ म्हणाला तरी कारागिराने त्याला आधी हे सांगावे आणि बिलावर काम स्पष्ट लिहावे.

सीट कव्हरवाल्यांनी तर आपली पद्धतच बदलली पाहिजे. रॉक्सच्या प्रत्येक गाडीत सहा एअरबॅग आहेत आणि त्यांतल्या दोन पुढच्या सीटांच्या कुशीत असतात. जाड रेक्झिनचे कव्हर पक्क्या नायलॉन दोऱ्याने चहूबाजूंनी शिवले तर वेळेला पिशवी उघडणार कशी? त्या बाजूला ठराविक जागी कमजोर धाग्याची, झटक्याने सुटणारी शिलाई ठेवतात किंवा तेवढा भाग मोकळा सोडतात. हे तंत्र शिकून घेतलेल्या कारागिराला येत्या काळात काम कमी पडणार नाही. ज्याने शिकले नाही त्याच्या हातून एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

आता कराचा हिशेब, कारण शेवटी पैसा तिथेच जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनची गाडी १८ टक्क्यांत आली. पेट्रोलसाठी ही मर्यादा १,२०० सीसी आहे. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तीन दरवाजांच्या थारमध्ये दोनच चाकांना ताकद देणारी, दीड लिटर डिझेलची गाडी ९ लाख ९९ हजारांपासून आणली होती, त्यामागे हेच गणित होते. तिच्यावरचा कर ३१ टक्क्यांवरून १८ वर आला. फोर बाय फोर डिझेलवरचा ४८ वरून ४० वर आला. कर दोन्हींवर उतरला, पण दोन गाड्यांमधली करातली तफावत १७ टक्क्यांवरून २२ झाली. म्हणजे फोर बाय फोरसाठी आपण जे जादा मोजतो त्यातले सगळे लोखंडाचे नसते, बराच भाग सरकारी तिजोरीचा असतो.

आणि हा कर व्यापाऱ्याला परत मिळत नाही. कित्येकांना वाटते की गाडी पेढीच्या नावावर घेतली की जीएसटी वळता होतो. ड्रायव्हर धरून १३ पर्यंत माणसे बसतील अशा प्रवासी गाडीवरचा इनपुट क्रेडिट कायद्याने बंद आहे. गाड्या विकणे, भाड्याने प्रवासी नेणे किंवा ड्रायव्हिंग शिकवणे हा ज्यांचा धंदा आहे त्यांनाच तो मिळतो. उलट माल वाहण्याच्या पिकअपवर कर १८ टक्के आहे आणि धंद्यासाठी घेतली तर तो वळता करून घेता येतो. करावाचून १० लाखांची गाडी धरा. ४० टक्क्यांच्या जीपवर चार लाख गेले ते गेले. तेवढ्याच किमतीच्या पिकअपवर भरलेले १ लाख ८० हजार विक्रीच्या करातून वजा होतात. कंपोझिशनमध्ये असलेल्या दुकानदाराला मात्र ही सवलत नाही, त्याने आपल्या हिशेबनिसाला विचारूनच पाऊल टाकावे.

आम्हांला जे विचारायला येतात त्यांना आम्ही दोन प्रश्न विचारतो. गेल्या बारा महिन्यांत तुमची गाडी किती वेळा चिखलात अडकून बसली? आणि भिवंडी किंवा सुरतेहून माल आणायला भाड्याचा टेंपो किती वेळा करावा लागला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘एकदाही नाही’ असे येते. कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ज्यांचे येणे-जाणे आहे, आंबा-काजूच्या बागा आहेत, पावसाळ्यात ओढे ओलांडावे लागतात, त्यांनी फोर बाय फोर जरूर घ्यावी. त्यांच्यासाठी ती आजही कामाची गाडी आहे. बाकीच्यांपैकी कुटुंब मोठे असेल, आईवडील सोबत असतील आणि रोकड मोकळी असेल, त्यांनी साधी रॉक्स घ्यावी. मात्र मुलाने ‘हीच खरी थार’ म्हटले तर समोर शोरूममध्ये दुसरा, छोटा गिअरचा दांडा आहे की नाही तेवढे बघून यावे.